मांडवच्या वाटा कुणाच्या? रस्ता अडवला तर मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात दाद कुठे मागायची

धार : रस्ता अडवल्याच्या तक्रारी वर्षातून दोन वेळा वाढतात. एकदा पेरणीच्या तोंडावर, आणि दुसऱ्यांदा सोयाबीन काढणीला येतं तेव्हा. थ्रेशर शेतापर्यंत नेता येत नाही, कारण मधल्या शेतवाल्यानं काट्या टाकल्यात किंवा खांब रोवून तार ओढलीय. पीक थांबत नाही, म्हणून माणूस सुचेल त्या दारात धावतो. आधी सरपंच, मग पोलीस ठाणं, मग पटवारी. पंधरा दिवसांनी कळतं की अर्ज भलत्याच टेबलावर पडून आहे.

आपले वाचक धार, देवास, इंदूर, बऱ्हाणपूरपासून धुळे, नंदुरबार, जळगावपर्यंत आहेत. कित्येकांचं घर एका राज्यात आणि वडिलोपार्जित शेत दुसऱ्या राज्यात. रस्त्याचा कायदा मात्र राज्याची हद्द ओलांडली की बदलतो. इंदूरच्या काकांनी सांगितलेला उपाय शिरपूरच्या शेताला लागू पडेलच असं नाही. म्हणून दोन्हीकडची माहिती इथे एका जागी दिली आहे. उदाहरण म्हणून मांडू, म्हणजे आपलं मांडव घेतलंय, कारण या एका गडावर आणि त्याच्या पायथ्याशी रस्त्यांचे जवळपास सगळे प्रकार सापडतात.

पहिला प्रश्न : वाट कुणाच्या खात्यात?

पर्यटकाला मांडवमध्ये एकच रस्ता दिसतो. कागदावर मात्र त्याचे मालक वेगवेगळे आहेत.

– मोठे डांबरी रस्ते : राज्याचा लोक निर्माण विभाग किंवा रस्ते विकास निगम. राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राची यंत्रणा.

– मांडव वस्तीतल्या गल्ल्या, बाजाराचा रस्ता : नगर परिषद. इथे मुख्य नगर पालिका अधिकारी, म्हणजे सीएमओ, यांच्याकडे अर्ज.

– आसपासच्या गावांतले गावठाणातले रस्ते : ग्रामपंचायत.

– जहाज महाल, हिंडोला महाल, होशंगशाहाची कबर, रूपमती मंडप अशा संरक्षित वास्तूंचं आवार : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण.

– डोंगरउतारावरच्या, जंगलातून निमाडकडे उतरणाऱ्या वाटा : वन विभाग.

– शेतातून जाणारी गाडीवाट, मेडेवरची पाऊलवाट, गुरं चरायला नेण्याचा रस्ता : महसूल, म्हणजे तहसीलदार.

रस्ता कोणत्या खात्यात येतो हे ठरलं की निम्मं काम झालं. सरपंचाला दोन शेतकऱ्यांमधल्या शेतरस्त्याचा निकाल देता येत नाही. तहसीलदार पुरातत्त्वाच्या कुंपणाला हात लावत नाही. पोलीस मारामारी थांबवतील, पण रस्ता कुणाचा ते ठरवणार नाहीत.

हा गुंता जुनाच : देवासची गोष्ट

एका रस्त्याला दोन कारभारी असले की काय होतं, याचं उदाहरण आपल्या मराठी संस्थानांतच आहे. १७२८ साली तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवासला गादी स्थापली. पुढे त्याची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. राजधानी मात्र दोघांची एकच, देवास शहर. हद्द शहराच्या मुख्य रस्त्याच्या मधून जायची. रस्त्याच्या एका बाजूचं पाणी आणि दिवाबत्ती एका दरबाराची, दुसऱ्या बाजूची दुसऱ्याची. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, धारचं संस्थानही झालं, आणि १९५६ पासून हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात आहे. दरबार गेले, तरी एकाच रस्त्यावर दोन खाती ही अडचण राहिलीच.

त्या काळाचा एक व्यवहारी धागा आजही उरलाय. पवारांच्या वेळच्या सनदा, इनामाचे कागद मोडी लिपीत असतात. घरात असा कागद असेल आणि त्यात वाटेचा, विहिरीचा, चतुःसीमेचा उल्लेख असेल तर तो रद्दीत टाकू नका. जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घ्या. जुनी वहिवाट दाखवायला तो कामी येतो.

संरक्षित वास्तू : बघण्याचा हक्क वेगळा, जाण्या-येण्याचा वेगळा

मांडव हे राहतं गाव आहे. धारकडून येणारी वाट जुन्या दरवाजांच्या ओळीनं वर चढते. त्यातला आलमगीर दरवाजा औरंगजेबाच्या काळात दुरुस्त झाला म्हणून त्या नावानं ओळखला जातो. नैऋत्येला तारापूर दरवाजा निमाडच्या दिशेनं उतरतो. हे दरवाजे बांधलेच होते रस्त्यासाठी. आज ते वारसाही आहेत आणि वाटही.

१९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचं कलम १८ सांगतं की संरक्षित स्मारकात जाण्याचा जनतेला हक्क आहे, मात्र नियमांच्या अधीन राहून. म्हणजे ठरलेली वेळ आणि लागू असेल तिथे तिकीट. हा स्मारक बघायला जाण्याचा हक्क झाला. त्यातून "आमची गुरं पूर्वीपासून या आवारातून जायची" हा दावा आपोआप सिद्ध होत नाही. तो वहिवाटीचा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

दुसरी बाब अंतराची. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. मांडवमध्ये वास्तू इतक्या जवळजवळ आहेत की वस्तीचा बराच भाग या अंतरांत येतो. त्यामुळे नगर परिषदेनं ठराव केला म्हणून नवा पक्का रस्ता लगेच होत नाही. गल्ली बंद झाली आणि पर्यायी रस्ता हवा असेल, तर आधी नकाशावर अंतर मोजून घ्या. नव्या रस्त्याच्या मागणीपेक्षा जुन्या रस्त्यावरचा अडथळा काढण्याची मागणी तिथे लवकर मान्य होण्याजोगी असते.

जंगलातल्या आणि परिक्रमेच्या वाटा

मांडवचा रेवाकुंड मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. नर्मदा परिक्रमा करणारे उत्तर तटावरून जाताना रेवाकुंडाचं दर्शन घेतात, आणि परिक्रमावासीयांत मराठी मंडळी मोठ्या संख्येनं असतात. ही वाट कधी डांबरावरून, कधी कुणाच्या शेताच्या मेडेवरून, कधी जंगलातून जाते. श्रद्धेनं ती एकच वाट आहे, कायद्यात मात्र तुकड्या-तुकड्यांत मोडते. शेतकरी परिक्रमावासीयाला अडवत नाही, ही इथली रीत आहे. ती रीत आहे तोवर कायदा काढायची वेळ येत नाही.

जंगलातल्या वाटेबद्दल दोन तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या. भारतीय वन कायदा, १९२७ चं कलम २५ राखीव जंगलातला सार्वजनिक किंवा खाजगी रस्ता बंद करण्याचा अधिकार वन अधिकाऱ्याला देतं, पण त्यासाठी आधी मंजुरी लागते आणि सोयीचा पर्यायी रस्ता आधीच असला पाहिजे किंवा करून दिला पाहिजे. म्हणून चर खणून वाट बंद झाली तर पहिला प्रश्न विचारा : पर्याय कोणता?

दुसरी तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्याची. कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीनं रस्त्यासारख्या गावाच्या सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, हेक्टरी जास्तीत जास्त ७५ झाडं तोडण्याच्या मर्यादेत. धार जिल्ह्याचा मोठा भाग आदिवासी वस्तीचा आहे. पाड्यावरून दवाखान्यात जायला रस्ता नसेल तर ग्रामसभेचा ठराव हीच सुरुवात.

धार जिल्ह्यात नर्मदेच्या काठी आणखी एक प्रकार आहे. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. निसरपूर, चिखलदा भागातल्या जुन्या वाटा पाण्यात गेल्या. काहींची जमीन बुडाली नाही, पण तिकडे जाणारा रस्ता बुडाला. हा शेजाऱ्यानं अडवलेला रस्ता नव्हे, त्यामुळे तहसीलदाराकडचा शेतरस्त्याचा अर्ज इथे उपयोगाचा नाही. हा पुनर्वसनाचा विषय आहे. तो नर्मदा घाटी विकास प्राधिकरण आणि तक्रार निवारण प्राधिकरणाकडे मांडावा लागतो.

मध्य प्रदेशात शेतरस्ता : कलम १३१ ते १३५

मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मधली ही पाच कलमं शेतकऱ्यानं तोंडपाठ करावीत अशी आहेत. त्यात मुख्य भेद एकच, रस्ता कागदावर आहे की नाही.

रस्ता कागदावर असेल, म्हणजे गावाच्या नकाशात किंवा वाजिब-उल-अर्जमध्ये असेल, तर तो मान्य रस्ता. वाजिब-उल-अर्ज हे गावाच्या रूढींचं दप्तर. कलम २४२ खाली त्यात खाजगी जमिनीवरून जाण्या-येण्याचा, पाण्याचा वगैरे रूढीचा हक्क लिहिलेला असतो. अशा रस्त्यावर कुणी अतिक्रमण केलं तर कलम १३२ खाली दंड आणि कलम १३३ खाली अडथळा काढण्याचा आदेश. ऐकलं नाही तर तहसीलदार स्वतः काढून घेतात आणि खर्च त्याच्याकडून वसूल करतात. पुन्हा असं करणार नाही अशी हमी लिहून घेण्याची सोय कलम १३४ मध्ये आहे.

रस्ता कागदावर नसेल, पण वर्षानुवर्षं वापरात असेल, तर कलम १३१. तहसीलदार जागेवर चौकशी करतात आणि दोन गोष्टी बघून निकाल देतात : पूर्वीची रूढी काय, आणि सगळ्या पक्षांची सोय कशात. इथे बरेच जण फसतात. "मला रस्ता लागतो" एवढं म्हणून भागत नाही. "हा रस्ता आधीपासून होता" हे दाखवावं लागतं. कालपर्यंत कुणी न वापरलेली नवी वाट या कलमाखाली मिळत नाही.

पूर्ण गावालाच वाट हवी असेल तर कलम १३५. गावकऱ्यांच्या अर्जावर जिल्हाधिकारी गाडीवाटेसाठी जमीन संपादित करू शकतात, मालकाला मोबदला देऊन.

वाजिब-उल-अर्जमध्ये नोंद राहून गेली असेल तर कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांवर उपविभागीय अधिकारी, म्हणजे एसडीओ, तिच्यात बदल करू शकतात. ज्या गावात आज भांडण नाही, त्या गावानं हे दप्तर आजच बघून ठेवावं. उधारी वहीत लिहिलेली नसेल तर दुकानदार मागणार कशी? रस्त्याचंही तसंच आहे. म्हातारे आहेत तोवर साक्ष आहे, नंतर फक्त कागद.

महाराष्ट्रात : गरज बघतात, पण मुदत पाळा

महाराष्ट्रात दोन वेगळे मार्ग आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. शेतात जायला रस्ताच नसेल तर दुसऱ्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदार इथे शेतकऱ्याची वाजवी गरज बघतात. मध्य प्रदेशच्या १३१ पेक्षा हा मोठा फरक आहे, कारण तिथे भर जुन्या रूढीवर आहे. कलम १४३ च्या निर्णयाविरुद्ध दिवाणी दावा करायचा तर एक वर्षाच्या आत. असा दावा दाखल केला की मग महसूल खात्यात अपील किंवा फेरतपासणी चालत नाही.

दोन : मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. रस्ता आधीपासून होता आणि कुणी तो अडवला, तर या मार्गानं. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. "गावात मिटतंय का बघू" म्हणत आठवा महिना उजाडला, की हा दरवाजा बंद.

महाराष्ट्राच्या गावनकाशात दुबार तुटक रेषा असेल तर ती ग्रामीण गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. नकाशातला असा रस्ता नांगरून कुणी आपल्या शेतात घेतला, तर ते अतिक्रमण आहे. तिथे १४३ चा अर्ज नको, अतिक्रमण काढण्याची मागणी करा. मे २०२५ मध्ये राज्य सरकारनं शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी असा निर्णय काढला. ज्यांचा निकाल आधीच लागलाय त्यांनीही ही नोंद झाली का ते तपासावं.

दोन्ही राज्यांत चालणारे उपाय

पहिला : सार्वजनिक रस्ताच अडला असेल, म्हणजे शाळेचा, स्मशानाचा, गावच्या विहिरीचा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला. कार्यकारी दंडाधिकारी, बहुधा एसडीएम, अडथळा काढण्याचा सशर्त आदेश देतात. हे दोन शेजाऱ्यांच्या खाजगी वाटेसाठी नाही.

दुसरा : दिवाणी न्यायालय. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम १५ म्हणतं की वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्कानं आणि खंड न पडता वाट वापरली असेल तर ती कायमचा हक्क होते. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. वापर बंद पडल्यावर दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. यातला "हक्कानं" हा शब्द महत्त्वाचा. शेजाऱ्यानं "जा हो दादा, आपलंच आहे" म्हणून जाऊ दिलं असेल, तर ती परवानगी झाली. परवानगीचा वापर चाळीस वर्षांचा असला तरी त्यातून हा हक्क तयार होत नाही.

तिसरा : वाटणी. निम्मी भांडणं भाऊबंदकीची असतात. बापाच्या एका शेताचे तीन तुकडे झाले, मागचा तुकडा धाकट्याला गेला आणि रस्ता लिहायचा राहिला. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की वाटणीनंतर त्या वाटेशिवाय तुकडा वापरताच येत नसेल, तर गरजेचा हक्क मिळतो. पण तो कोर्टात जाऊन मिळवावा लागतो. त्यापेक्षा वाटणीपत्रात किंवा खरेदीखतात एक ओळ लिहा : रस्ता कोणत्या नंबरातून, कोणत्या दिशेनं, किती फूट रुंद. दुसऱ्या राज्यातली जमीन न बघता घेणाऱ्यांनी तर ही ओळ असल्याशिवाय सही करू नये.

अर्ज देताना

१. खसरा-बी१ (महाराष्ट्रात सातबारा) आणि गावनकाशाची प्रत काढा. आपलं शेत, अडवणाऱ्याचं शेत आणि रस्ता त्यावर दाखवा.

२. रस्ता किती लांब, किती रुंद, कुठून कुठे, कोणत्या खसरा नंबरातून, हे आकड्यांत लिहा. "आमचा जुना रस्ता" एवढ्यानं आदेश काढता येत नाही.

३. अडवल्याची तारीख लिहा. मुदत तिथूनच मोजतात.

४. फोटो काढा. चाकोरी, जुनं झाड, नाल्यावरची फरशी असं काही दिसेल असा.

५. आपल्या बाजूचे नातेवाईक सोडून दोन-तीन वयस्क साक्षीदार ठरवा. मजुरी करणारे, गुरं राखणारे यांना वाटा नेमक्या माहीत असतात.

६. ज्यांच्या शेतातून रस्ता जातो त्या सगळ्या खातेदारांना प्रतिवादी करा. एक सुटला तर तो पुढे आदेशाला आव्हान देतो.

७. पीक धोक्यात असेल तर अंतरिम दिलासा त्याच अर्जात मागा.

८. पटवारी, आरआय जागेवर येतील त्या दिवशी हजर राहा. पंचनामा वाचूनच सही करा. चुकीचं लिहिलं असेल तर तिथेच लेखी हरकत द्या.

मंगळवारची जनसुनवाई किंवा १८१ ची सीएम हेल्पलाइन दबावासाठी ठीक आहे. पण तिथली तक्रार म्हणजे महसूल प्रकरण नव्हे. प्रकरण क्रमांक पडला, समोरच्याला नोटीस निघाली, तरच आदेश निघतो आणि तोच पुढे टिकतो. कलम १३१ खाली हरलात तरी दिवाणी दाव्याचा रस्ता खुला राहतो, हे त्याच कलमात लिहिलंय.

तार स्वतः तोडू नका. तोडली की रस्त्याचं प्रकरण बाजूला राहतं आणि आपल्यावरच गुन्ह्याची नोंद होते. मग समोरचा आरामात दुसरं पीक काढतो.

आपल्या शेताची वाट नकाशात आहे का, हे बघायला पटवाऱ्याकडे किंवा तलाठ्याकडे एक चक्कर पुरते. ती चक्कर पेरणीआधी मारा.